एकतीस जूनची धोबीण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच कोश मंडळाचे कार्याध्यक्ष महोदय, सत्कारमूर्ती, आपले मुख्य संपादक साहेब, त्यांच्या शेजारी, फुलांच्या परडीमागे ज्यांचं फक्त कपाळ दिसतं आहे त्या आमच्या वहिनी, छापखान्याचे व्यवस्थापक, मंडळाचे आजी-माजी सहकारी, आणि बाहेर कपबशा मांडल्याचा आवाज येऊनही अजून खुर्ची न सोडलेले सज्जन श्रोते हो,

प्रथम कुणीतरी ती परडी बाजूला घ्या. घ्या हो, फुलं रागावत नाहीत. हां. आता वहिनी दिसल्या.

सूत्रसंचालकांनी मला वर येताना कानात सांगितलं, "मॅडम, पाचच मिनिटं. आणि जरा गोड बोला." पाच मिनिटांचं बघते. गोड मात्र मला डॉक्टरांनी बंद केलं आहे.

निरोपाच्या भाषणात माणसाचे गुण सांगायचे असतात. साहेबांचे गुण मला ठाऊक आहेत. चौतीस वर्षं त्यांच्या समोरच्या टेबलाशी बसले आहे. ते कधी उशिरा आले नाहीत. कधी कुणावर ओरडले नाहीत. ओरडावंसं वाटलं की चिठ्ठी पाठवायचे. छप्पर गळायचं त्या वर्षी स्वतःचा कोट कार्डांच्या कपाटावर पांघरून ते घरी भिजत गेले होते. माझी आई आजारी पडली तेव्हा त्यांनी मला अकरा आठवड्यांची रजा दिली, कारणसुद्धा विचारलं नाही. हे सगळं खरं आहे आणि मी ते विसरलेले नाही. मी इथे खोटं सांगायला उभी राहिलेले नाही. खोटं एकदा सांगून झालं आहे. तेच निस्तरायला आले आहे.

आत्ता मानपत्र वाचलं गेलं. एका वाक्यावर तुम्ही सगळ्यांत मोठ्या टाळ्या वाजवल्यात. "एका शतायुषी धोबिणीच्या ओठांवर उरलेला शब्द टिपून ज्यांनी 'वाइफ' या शब्दाचं शतकानुशतकांचं कोडं सोडवलं." वाक्य झकास आहे. लय आहे, ठसका आहे. अडचण एवढीच, की ती धोबीण नव्हती. म्हणजे धोबीण नसून दुसरं काही होती असं नाही. ती नव्हतीच. तिला मी आणि खणताईंनी एका दुपारी डबा खाताना जन्माला घातलं, आणि जन्मतःच तिचं वय एकशे चार होतं.

कुजबुज करू नका. मागच्या रांगांना ऐकू येत नाही. क्रमाने सांगते.

आपल्यातले निम्मे लोक पाहुणे आहेत, त्यांच्यासाठी आधी आमचं काम काय ते सांगायला हवं. आमचा कोश शब्दांची कुळी शोधतो. इंग्रजी, जर्मन, डच आणि त्यांच्या भावंड भाषांमधले शब्द कुठून आले, ते आमच्या वाचकांना आमच्या भाषेत सांगतो. या सगळ्या भाषांची एक आई होती. ती कशी बोलायची ते कुणी ऐकलेलं नाही, तिचं म्हणावं असं जवळजवळ काही लिहिलेलं उरलं नाही. मग तिचे शब्द कळतात कसे? अहो, पाच बहिणी एका खोलीत बसल्या आणि पाचही जणींचं नाक सारखंच बसकं असलं, तर आईचा फोटो नसला तरी तिच्या नाकाबद्दल आपण पैज लावतोच ना? तसंच. फक्त प्रामाणिक माणूस अशा शब्दापुढे एक तारा काढतो. ताऱ्याचा अर्थ, "हे मी पाहिलेलं नाही, मुलींच्या तोंडावरून ताडलेलं आहे." मला हा तारा फार आवडतो. माणसांच्या बोलण्यातही असा तारा ठेवायची सोय असती तर आजच्या मानपत्रावर आकाशगंगा दिसली असती.

मी रुजू झाले आणि तिसऱ्याच वर्षी माझ्याकडे एक शब्द आला. तारा, आणि पुढे 'वीबं'. अर्थ, बाई, पुढे, बायको. साहेबांनी फाइल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बाई, लग्न नाही केलंत ना? मग ही बायको तुम्ही सांभाळा." सगळे हसले. मीही हसले. नवीन होते. मग ती बायको मी एकतीस वर्षं सांभाळली, आणि या सभागृहात किती नवऱ्यांना तसं म्हणता येईल ते त्यांचं त्यांनी बघावं.

या शब्दाच्या लेकींची कहाणी ऐका, म्हणजे मी एवढी का चिडले आहे ते कळेल. जर्मनांच्या घरी दिली ती 'वाइब'. एके काळी नुसती 'बाई'. आज कुणा बाईला तसं म्हटलंत तर कानाखाली बसेल. डचांच्या घरची 'वैफ', तिचीही तीच गत; भांडणात ओरडायचा शब्द. उत्तरेकडची, नॉर्स लोकांच्या घरची, गेली कवितेत, आणि कवितेत गेलेल्या बायकांचं जे होतं तेच झालं. स्तुती भरपूर, वापर शून्य. गॉथ लोकांच्या जुन्या ग्रंथात तर ती सापडतच नाही. त्यांनी बाईसाठी दुसराच शब्द वापरला. इंग्रजांच्या घरी मात्र हिचं बस्तान बसलं. तिथे ती 'वाइफ' झाली. 'माणूस' अर्थाच्या शब्दाला चिकटून 'वुमन' झाली. बाळंतिणीच्या सोबतीला बसणारी ती 'मिडवाइफ'. त्यातल्या 'मिड'चा अर्थ 'बरोबर'. बाईच्या बरोबर असलेली. केवढा सुंदर शब्द! आणि घर सांभाळणारी 'हाउसवाइफ' होती ना, तिचा उच्चार झिजत झिजत 'हसी' झाला आणि अर्थ झाला उठवळ, निर्लज्ज बाई. घर सांभाळलंत तरी शिवी ठरलेली! आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर मला रागावल्या की हाच शब्द वापरायच्या. 'घर सांभाळणारी' असा त्याचा मूळ अर्थ मला तेव्हा माहीत असता, तर "थँक यू, सिस्टर" म्हटलं असतं आणि आणखी एक पट्टी खाल्ली असती.

आणि व्याकरणात हा शब्द कोणत्या लिंगाचा? नपुंसकलिंगी. जर्मनमध्ये आजही आहे. बाईला 'ती' म्हणायचीसुद्धा तयारी नव्हती.

आता मुद्दा. हा शब्द आला कुठून? आईकडे कुठून आला? विद्वानांनी अंदाज केले. एक म्हणाले, गुंडाळणं, झाकणं या अर्थाच्या धातूपासून, म्हणजे बायको म्हणजे झाकलेली. दुसरे म्हणाले, इकडून तिकडे हलणं या अर्थापासून, म्हणजे घरभर भिरभिरणारी. तिसऱ्यांनी मध्य आशियातल्या एका मेलेल्या भाषेतून 'लाज' अर्थाचा शब्द आणून जोडला. झाकलेली, भिरभिरणारी, नाहीतर लाज! मी तिन्ही तपासले. प्रत्येकाचा एकेक पाय लंगडा. मी अकरा वर्षं वाचून, पत्रं लिहून, डोळे फोडून फाइलवर दोन शब्द लिहिले. 'मूळ अज्ञात.'

तुम्हाला वाटेल, अकरा वर्षांत दोनच शब्द? हो. आणि ते लिहायला फार हिंमत लागते. माहीत नाही हे माहीत करून घ्यायला किती वाचावं लागतं, ते न वाचणाऱ्याला कधी कळणार नाही.

साहेबांना ते आवडलं नाही. ते म्हणाले, "बाई, कोशात 'अज्ञात' म्हणजे जेवायला बोलावून रिकामं ताट वाढल्यासारखं आहे. 'झाकलेली' हे किती शोभून दिसतं! काव्य आहे त्यात."

मी म्हटलं, "साहेब, काव्य आहे म्हणूनच संशय येतो."

ते म्हणाले, "शोधा. एखादा दुवा मिळेल."

इथे खणताईंची ओळख करून द्यायला हवी. चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत, गुडघ्यावर पिशवी घेऊन बसल्या आहेत त्या. उभ्या राहू नका ताई, गुडघा सांभाळा. मंडळाच्या कार्डांचे दोनशे चाळीस खण. कोणतं कार्ड कोणत्या खणात आहे हे यांना डोळे मिटून सांगता येतं, म्हणून खणताई. मला त्या 'कॉन्व्हेंट' म्हणतात. आमच्याकडे एक नियम होता, आणि तो खणताई सांभाळायच्या. अंदाज शिसपेन्सिलीने, पुरावा शाईने. मनात आलेली शंका, ऐकीव गोष्ट, 'असं असेल का' हे पेन्सिलीने लिहायचं. ग्रंथ, पान, ओळ हाती लागली की मगच शाई. त्यामुळे खण उघडला की एका नजरेत कळायचं, किती माहीत आहे आणि किती वाटतं आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी, एका दुपारी, डबा खाताना मी साहेबांवर करवादत होते. खणताई म्हणाल्या, "अहो कॉन्व्हेंट, कशाला जीव जाळता? साहेब कार्डं वाचत नाहीत. मोजतात."

मी म्हटलं, "असं कसं? वाचत असतील."

"लावा पैज. एक खोटं कार्ड घालू. आठवड्यात पकडलं तर मी तुम्हाला आठवडाभर डबा आणीन."

"आणि नाही पकडलं तर?"

"तर तुम्ही आणा. पण तुमच्या हातचं नको, तुमच्या आईच्या हातचं."

मग काय! आम्ही दोघी चाळिशी ओलांडलेल्या बायका, शाळकरी पोरींसारख्या खिदळत बसलो. 'झाकलेली'ला दुवा हवा होता ना, म्हणजे त्याच धातूचा, आपल्याकडच्या एखाद्या दूरच्या चुलत बोलीत अजून जिवंत असलेला शब्द? घ्या दुवा. मी विचारलं, "मळलेल्या पिठावर आपण ओलं फडकं टाकतो, त्याला काय नाव देऊ या?" खणताईंनी हातरुमाल ओला केला, टेबलावर आपटला आणि म्हणाल्या, "आवाज ऐकलात? विब्बल!" झाला शब्द. मी पेन्सिलीने कार्ड लिहिलं. "विब्बल: पिठावर झाकायचं ओलं फडकं. बोली: खाडीकाठची. सांगणारी: धोबीण, आंधळी, वय एकशे चार." खणताई म्हणाल्या, "फार होतंय." मी म्हटलं, "व्हायलाच हवं. पकडता यावं म्हणून तर लिहायचं." आणि तारीख घातली, एकतीस जून.

हसलात? एकोणीस वर्षांनी का होईना, कुणीतरी पकडलंत. जूनला एकतिसावा दिवस नसतो. हे पहिलीतल्या पोराला माहीत असतं.

आठवड्याने ते कार्ड काढायचं असं ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी माझी आई न्हाणीघरात पडली आणि मी रजेवर गेले. मी नसताना वरून पत्र आलं, की तपासणी समिती येणार आहे. तुम्हाला तपासणी समिती माहीत असेल. तिच्या आधी झाडांच्या बुंध्यांनासुद्धा चुना लावतात. साहेबांनी खण उघडून पाहिले आणि त्यांना ती पेन्सिलीची कार्डं अस्वच्छ वाटली. पुसट, फिकट, गबाळी. त्यांनी चिठ्ठी फिरवली: सर्व कार्डे शाईने गिरवून नीटनेटकी करावीत.

श्रोते हो, इथे जरा थांबा. ज्या माणसाने कार्डांसाठी स्वतःचा कोट दिला, त्यानेच समितीला सुबक दिसावं म्हणून सहा हजार कार्डांवरचा 'वाटतं' आणि 'आहे' यांतला फरक तीन आठवड्यांत मिटवून टाकला. आग लागली असती तरी एवढं नुकसान झालं नसतं. जळालेलं दिसतं तरी! आणि 'वीबं'चा खण गिरवला साहेबांनी स्वतः, हौसेने, पेन्सिलीवरून आपल्या वळणदार अक्षरात. समिती आली, खणांकडे पाहून "वा" म्हणाली आणि गेली.

मी परत आले. आई गेली होती. दोन दिवसांनी आठवण झाली म्हणून खण उघडला आणि पेन्सिलीचं कार्ड शोधलं. दिसलं नाही. मला वाटलं, खणताईंनी काढलं. खणताईंना वाटलं, रजेवर जाण्याआधी मीच काढलं. घरात दुःख झालेल्या बाईला पैजेची आठवण कोण करून देणार? त्यांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही. मी पेन्सिल शोधत होते हो. शाईच्या कार्डांकडे मी पाहिलंसुद्धा नाही. शाई म्हणजे पुरावा, हे माझ्या हाडांत मुरलं होतं.

चौदा वर्षं गेली. मग एक दिवस साहेबांचा लेख आला. 'झाकलेली: एका शब्दाचा उलगडा.' त्यात विब्बल. त्यात धोबीण. आंधळेपणा काढून टाकला होता. एकशे चारचं 'शतायुषी' झालं होतं. मी लेख वाचला आणि चहा तसाच टाकून उठले.

मी केबिनमध्ये गेले. म्हटलं, "साहेब, ते कार्ड खोटं आहे."

ते म्हणाले, "बाई, अक्षर माझं आहे."

"अक्षर तुमचं आहे. खोटेपणा माझा आहे. तुम्ही गिरवलंत, त्याच्या खाली माझी पेन्सिल आहे."

त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे मोठ्या मनाने पाहिलं, आणि म्हणाले, "निवृत्ती जवळ आली की प्रत्येकाला वाटतं आपलं नाव कुठेतरी लागावं. मी समजू शकतो."

समजू शकतो! अहो, मी चोरी झाली म्हणून तक्रार करायला गेले नव्हते. चोराला सांगायला गेले होते, की बाबा रे, पितळ आहे, टाकून दे.

(घंटा वाजवू नका, अध्यक्ष महोदय. चौतीस वर्षं मी घंटेवर आले आणि घंटेवर गेले. आज नाही.)

आणि मला हेही सांगू द्या, की साहेबांनी ते चोरलं असं मी आजही म्हणत नाही. माझं उलट म्हणणं आहे. त्यांना ते खरोखर स्वतःचं वाटलं. चौदा वर्षांनी खण उघडला, कार्डावर स्वतःचं वळणदार अक्षर पाहिलं, आणि वाटलं, हे मीच कधीतरी ऐकलं असणार. आपलं अक्षर दिसलं की माणसाला ते आपलं मत वाटतं. आमच्या धंद्यातच होऊ शकेल अशी ही चूक आहे. इथवर मी माफ केलं असतं.

पण तारीख, साहेब. कार्डावर एकतीस जून आहे, शाईने, तुमच्या अक्षरात. लेखाच्या तळटिपेत तीस जून आहे. म्हणजे खणताई पैज हरल्या. तुम्ही कार्ड वाचलं होतंत. एकतीसपाशी अडखळलातही. आणि अडखळून थांबायचं सोडून एक दिवस खोडलात आणि पुढे गेलात. माझा राग त्या एका दिवसाचा आहे.

मागून कोण म्हणालं, "बाई, आज निरोप आहे"? माहीत आहे मला. म्हणून तर आज बोलते आहे. उद्या ऐकायला कोण असणार?

तुम्ही विचाराल, मी पाच वर्षं गप्प का बसले? बरोबर प्रश्न आहे. मी भित्री होते म्हणून, हे पहिलं उत्तर. दुसरं, खोटं कार्ड घातलं तर बडतर्फी असा मंडळाचा लेखी नियम आहे, आणि त्या कार्डाला क्रमांक दिलेला आहे खणताईंनी, नोंदवहीत, त्यांच्या सहीने. माझं काय, मी सडीफटिंग. त्यांच्या घरात मिळवत्या त्या एकट्या. मी तोंड उघडलं असतं तर पहिल्यांदा त्या गेल्या असत्या. मागच्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या. मी त्यांच्या घरी गेले आणि विचारलं, "बोलू का?" त्या म्हणाल्या, "बोला की एकदाचं! आता माझं काय काढून घेणार आहेत? कवळी?"

आणि तरी कदाचित बोलले नसते. जाऊ दे, म्हातारपणी कशाला, असं मलाही वाटतं हो. पण माझ्या भाचीची मुलगी आहे, नववीत. हुशार आहे, उर्मट आहे, माझी लाडकी आहे. दोन महिन्यांपूर्वी ती माझ्याकडे आली आणि गप्प बसून राहिली. ही पोर गप्प म्हणजे ताप असणार. विचारलं तर म्हणाली, "मावशीआजी, शाळेत वादविवाद होता. मुलींनी पुढे येऊन बोलावं की नाही असा. मी बोलत होते. समोरच्या मुलाने साहेबांचा लेख वाचून दाखवला, की 'वाइफ', म्हणजे बाई, या शब्दाचा मूळ अर्थच झाकलेली असा आहे, पुरावा सापडला आहे. परीक्षक म्हणाले, हा मुद्दा बिनतोड आहे. मला उत्तर देता आलं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तर तिथेच होतीस ना? खरं आहे का ते?"

काय सांगणार होते मी? त्या मुलाने जो पुरावा तिच्या तोंडावर मारला, तो मी मारला होता. डबा खाता खाता. हसत हसत. जगातल्या सगळ्या विद्वानांनी मिळून बाईला 'झाकलेली' ठरवायचा प्रयत्न केला, त्यांना जमलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या एका शहाण्या बाईला ते जमलं.

मी तिला सांगितलं, "खरं नाही. खोटं आहे, आणि माझंच आहे." ती म्हणाली, "मग छापून येईल का तसं?" पोरं कशी नेमकी जागा धरतात बघा.

तर आता छापण्याबद्दल. हा शेवटचा खंड आहे. पहिल्या पानावर सहसंपादक म्हणून माझं नाव यायचं आहे. अकरा खंडांत ते कुठेच नव्हतं, या बाराव्यात पहिल्यांदा. नाव नीट छापलं आहे ना ते बघायला व्यवस्थापकांनी माझ्याकडे मुद्रितं पाठवली, आणि चुकून अख्खा गठ्ठा पाठवला. त्यात मी 'वीबं' पाहिलं. माझे दोन शब्द गेले आहेत. त्या जागी आहे, "मूळ अर्थ, झाकलेली. आधार, विब्बल." लेख लोक विसरतात. कोश विसरत नाहीत. यातून पुढचे कोश उतरवून घेतील, त्यांतून पाठ्यपुस्तकं, आणि पाठ्यपुस्तकांतून ते शंभर मुलांच्या हातात जाईल आणि शंभर मुली गप्प बसतील.

मी सरळ छापखान्यात गेले. व्यवस्थापक भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "मॅडम, मला पटतं आहे. पण मुख्य संपादकांच्या सहीशिवाय मी एक स्वल्पविराम हलवू शकत नाही. सोमवारी छपाई सुरू. साहेब शुक्रवारी संध्याकाळी सहाला पदावरून उतरतात. नवे नेमले जाईपर्यंत सहीचा अधिकार कुणालाच नाही." आज शुक्रवार आहे. माझ्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली आहेत.

कार्याध्यक्ष महोदय, शहानिशा करायची असेल तर कार्ड वरच्या मजल्यावर आहे. शाई उजेडात तिरकी धरा, खाली माझी पेन्सिल दिसेल. आणि नियमाप्रमाणे जी काही कारवाई करायची ती माझ्यावर करा. खणताईंवर नको, शब्द त्यांनी दिला, पण खोटी साक्ष मी लिहिली.

साहेब, आता तुमच्याशी. मला माहीत आहे, तुम्ही खाली मान घालून माझं भाषण संपायची वाट बघता आहात. या खोलीत तुमचा शत्रू मी एकटी असेन. पण तुमच्या अकरा खंडांची सगळ्यांत बारकाईने वाचणारी वाचकही मीच आहे, आणि त्यांत मला लबाडीची एक ओळ सापडलेली नाही. बारावा असा जाऊ देऊ नका. तुम्ही म्हणाल, मानपत्र वाचून झालं, टाळ्या झाल्या, आता मी कसं परत घेऊ? घ्या की. सांगा, एका आगाऊ बाईने मला फसवलं. मी उभी राहून हो म्हणेन. हवं तर मी आणखी चार वाईट शब्द माझ्याबद्दल सुचवते. आमच्या खणांत भरपूर आहेत.

हा कागद मी तुमच्या समोर ठेवते आहे. यावर फक्त दुरुस्ती आहे. ती ओळ काढा, आणि तिथे लिहा, मूळ अज्ञात. खाली सहीची जागा आहे. व्यवस्थापक दुसऱ्या रांगेत बसले आहेत, कागद घेऊनच जातील.

आणि सही करायची नसेल, तर त्याच कागदाच्या मागे दुसरी दुरुस्ती लिहिलेली आहे. पहिल्या पानावरून माझं नाव काढा. चौतीस वर्षांत एकदाच लागणार होतं, माझ्या भाचीने त्या पानासाठी चौकटसुद्धा आणून ठेवली आहे. तिला सांगेन, भिंत रिकामी राहू दे. जिथे ती धोबीण राहील तिथे मी राहणार नाही.

दोन्हींपैकी कुठली तरी एक बाजू आज तुम्हाला सही करून द्यावी लागेल. कोरा कागद मी परत घेणार नाही.

वहिनी, त्यांना वाचायचा चष्मा द्या. ते खिसे चाचपतायत, पण चष्मा तुमच्या पर्समध्ये असतो, हे मला चौतीस वर्षं माहीत आहे.

मला बोलायला उभं केल्याबद्दल मंडळाची आभारी आहे; पुन्हा कराल असं वाटत नाही. अध्यक्षांनी घंटेवरचा हात आवरला, त्यांचे आभार. तुम्ही चहा निवत असताना बसून राहिलात, तुमचे विशेष आभार. बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल तर टोचू दे, पण अनादर झाला असेल तर तो माझ्या जिभेचा दोष, माझ्या शिक्षिकांचा नाही. काही चुकलं असल्यास क्षमा करावी, असं म्हणून खाली बसायचा रिवाज आहे. एकोणीस वर्षांपूर्वी माझं चुकलं. क्षमा नका करू. दुरुस्त करा.